आत कोणी नाही

गोहआंटी मराठी बोलायच्या ते कुजबुजत. एरवी त्यांचा आवाज असा, की सातव्या मजल्याच्या कठड्यावरून कुणाला हाक मारली तर खाली सोंगट्या खेळत बसलेले म्हातारे माना वर करून बघत. पण मराठी शब्द तोंडात आला की आवाज पार खाली जायचा. शेजारच्या खोलीत आजारी माणूस निजलं असावं तसा.

आम्ही सिंगापूरला, त्या ब्लॉकमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. माझी मुलगी पोहण्याच्या क्लासला जायचं नाही म्हणून कॉरिडॉरमध्ये फतकल मारून बसली होती. "डोन्ट वॉन्ट, ला," हे तिचं पालुपद. नव्या शाळेत बाईसाहेब पहिल्या आठवड्यात एवढं मात्र शिकल्या होत्या. मी ठाण्याची, संयमाची आणि माझी ओळख बेताचीच. हात उगारला, तोच समोरच्या जाळीच्या दारातून आवाज आला, "मारू नको गो. ल्हान आहे." मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कोकणातली कोणी बाई दिसेना. दारात उभी होती ती आखूड केसांची, फुलाफुलांचा ब्लाउज घातलेली एक चिनी म्हातारी. माझा हात वरच्या वर राहिला आणि मुलीने तेवढ्यात लिफ्ट गाठली.

"तुम्हाला मराठी येतं?" मी विचारलं. त्यावर गोहआंटी इंग्रजीत म्हणाल्या, "ही मराठी आहे होय? मला भाषेचं नाव माहीत नव्हतं."

आंटी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "सगळं विचारायचं नसतं." हे त्यांचं आवडतं वाक्य. चौकशीखोर शेजारणींना तेच, माझ्या मुलीला तेच, आणि माझ्या नवऱ्याने घराचे भाव विचारले तेव्हा त्यालाही तेच. लाड करणं त्यांना जमत नसे. मुलगी गणितात नापास होऊन रडायला लागली, तर तिच्यापुढे कागद सरकवून म्हणाल्या, "ड्रामा कशाला? रडून उत्तर बदलत नाही." पण रोज संध्याकाळी मी बँकेतून, चांगी बिझनेस पार्कहून, घामाघूम होऊन परतायची तेव्हा माझी पोर त्यांच्याच टेबलाशी बसलेली असायची.

त्यांच्याकडचं मराठी मूठभर होतं. ये. गप. नीज. आत जा. आवाज नको. ल्हान आहे. पहिल्यांदा मला गंमत वाटली. मग एकदा ते शब्द मनात ओळीने लावून बघितले आणि गंमत वाटेनाशी झाली. लपवलेल्या मुलाशी बोलायचे शब्द होते ते.

हळूहळू त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील चिनी शाळेत मास्तर. जपानने चीनवर हल्ला केला होता, तिथल्या युद्धग्रस्तांसाठी वर्गणी गोळा करायचे. मग इथे बॉम्ब पडले, त्यात आई गेली. मग जपानी आले, चिनी पुरुषांना तपासणीसाठी बोलावलं. बरेच गेले ते परत आलेच नाहीत, वडीलही नाहीत. वर्गणी गोळा करणाऱ्यांच्या बायकामुलांनाही उचलतात अशी अफवा उठली. खरी की खोटी, कोण तपासत बसणार? शेजारच्या दवाखान्यात एक हिंदुस्तानी कंपाउंडर होता. त्याची विशीतली बायको मागच्या दाराने आली, या सहा वर्षांच्या पोरीला पदराखाली घेऊन गेली आणि दवाखान्यामागच्या खोलीच्या माळ्यावर तिने तिला ठेवलं. नाव दिलं शांती. पोरगी तिला काकी म्हणायची. जपानी जाईपर्यंत शांती त्या माळ्यावर राहिली. शिपाई दाराशी आले की काकीचं उत्तर ठरलेलं, आत कोणी नाही, मला मूलबाळ नाही. तिला मूलबाळ नव्हतं हे तर खरंच होतं.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग युद्ध संपलं. मलाक्काहून माझे मामा आले. एका सकाळी उठले तर काकी नव्हती. काका नव्हते. बोटीने हिंदुस्तानात गेले. मला न सांगता." आंटी थांबल्या. "मी त्रास दिला असेन. मी झोपेत ओरडायची. तिला जड झाले असेन. मला फक्त एवढंच विचारायचंय तिला, की न सांगता का गेलीस? बाकी काही नको."

सगळं विचारायचं नसतं म्हणणाऱ्या बाईने हा एक प्रश्न साठ वर्षं सांभाळून ठेवला होता. वयाच्या सत्तरीला टेकलेली बाई, पण हे सांगताना ओठ असे मुडपून बसली की मला माझीच पोर आठवली.

त्यांच्या "गो"वरून काकी रत्नागिरीकडची एवढं मला कळत होतं. आमच्या मंडळाच्या गणपतीत मी दिसेल त्याला धरून विचारायला लागले. नवरा म्हणाला, "अगं, आरतीला आलेत लोक, उलटतपासणीला नाही." पण लागला पत्ता. प्रसाद म्हणून एक आयटीतला मुलगा प्रसादाची वाटी हातात धरून म्हणाला, "माझ्या बाबांची काकू लढाईच्या काळात सिंगापूरला होती. काका दवाखान्यात होते. ती अजून आहे की, देवरुखला. माझी आईच तिचं सगळं करते. जेवली की नाही ते विसरते, पण जुनं सगळं लख्ख आठवतं तिला." आणि वर म्हणाला, की त्याच्या बायकोच्या बाळंतपणासाठी आई येणारच आहे, आणि काकूला एकटं ठेवता येत नाही म्हणून तिलाही आणतेय. मी तिथेच मांडवात खुर्चीवर बसले. 

आंटींनी केस काळे करून घेतले. "काकीने मला म्हातारी बघू नये," म्हणाल्या. चिनी रीतीप्रमाणे भेटीला जाताना दोन संत्री घ्यायची, ती त्यांनी बाजारात अर्धा तास निवडली. पाया लेबार भागात प्रसादच्या फ्लॅटच्या दाराशी पोचलो, तर घंटी वाजवायला त्यांचा हात उठेना. मीच वाजवली.

काकी सोफ्यावर बसल्या होत्या. नऊवारी, पांढरे केस, हात काटकुळे. समोर चिनी चेहरा दिसला तशी त्यांनी पदर सारखा केला. आंटी त्यांच्या पायाशी गुडघ्यावर बसल्या, संत्री पुढे धरली. "काकी, मी शांती."

काकींचा चेहरा मिटला. दुसरा शब्द नाही त्याला. "इथे शांतीबिंती कोणी नाही," त्या ठामपणे म्हणाल्या. "मला मूलबाळ नाही. शेजारी विचारा."

प्रसादची आई कसनुसं हसली. "अहो काकी, असं काय करता? तीच ही, तुमची शांती. तुम्हीच नाही का सांगायचात?"

"तू गप बस. तुला काय ठाऊक?" काकी उठल्या, भिंतीला धरत आतल्या खोलीपर्यंत गेल्या, दार ओढून घेतलं आणि दारासमोरच फरशीवर बसल्या. आत प्रसादचं तान्हं बाळ निजलं होतं. दाराच्या आवाजाने ते जागं झालं आणि रडायला लागलं. त्याबरोबर काकी खोकायला लागल्या. खोकला नव्हता त्यांना. छातीवर हात धरून, आमच्याकडे बघत, त्या मोठमोठ्याने खोकत राहिल्या. बाळाचा आवाज आमच्यापर्यंत पोचू नये म्हणून.

आंटींच्या हातातली संत्री खाली पडली. "चला," त्या मला म्हणाल्या. "आपण इथे आहोत तोवर ती थांबणार नाही."

टॅक्सीत बसल्यावर त्यांनी पत्ता सांगितला. मग म्हणाल्या, "मी रडले की ती अशीच खोकायची. वरून ऐकू यायचं मला. अजून लपवतेय मला. आणि ज्यांच्यापासून लपवतेय त्यात आता मी आहे."  

मला वाटलं, आता काही या परत जायच्या नाहीत. पण पुढच्या रविवारी त्या तयार होऊन माझ्या दारात उभ्या. त्यानंतर दर रविवारी. जायचं, लांबच्या खुर्चीत बसायचं, शेंगा निवडायला घेतलेल्या असल्या तर निवडू लागायचं, आतल्या दाराकडे बघायचंसुद्धा नाही. शांती हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. मीच चिडायची. "अहो, दोन महिन्यांनी जातील त्या. एकदा विचारा तरी. मी नीट मराठीत विचारते हवं तर."

"विचारलं की ती घाबरते," आंटी म्हणाल्या. "एवढं सोसलं तिने माझ्यापायी. आता उत्तरासाठी मीच तिला घाबरवू?"

त्यांचा तो प्रश्न त्यांनी सोडून दिला. कसा सोडला ते त्यांचं त्यांना माहीत. मला बघवत नव्हतं.

निघायच्या आधीच्या रविवारी प्रसादची आई बॅगा भरत होती. घरात बॅगा बघून काकी अस्वस्थ झालेल्या. त्यांनी एकदम आंटींना हाताने जवळ बोलावलं. आंटी गेल्या. काकी बोलायला लागल्या आणि मी शेजारी बसून वाक्यावाक्याने इंग्रजीत सांगत गेले, कारण एवढं मराठी आंटींना कुठून कळणार?

"बाई, तुम्ही इतके दिवस येता, पण एकदाही आत डोकावला नाहीत. वाईट माणूस डोकावतं. म्हणून तुम्हाला सांगते. आत पोर आहे. तुमच्यातलीच आहे. बापाला नेलं तिच्या."

आंटींनी मान हलवली.

"तिचा मामा आलाय. आम्हाला बोट मिळालीय. हे म्हणतात, पोरीला सांगून निघू या. मी नाही सांगायची. ती एकदा काकी म्हणाली, तर मी बोटीत चढायची नाही. आणि मामा सख्खा आहे हो, रक्ताचा. त्याची ती. माझी कोण?" काकींनी पदराने तोंड पुसलं. "म्हणून ती निजलेली असताना निघणार. वाईट म्हणेल मला. म्हणू दे. वाईट म्हटलं की लवकर विसरेल."

हे मी इंग्रजीत कसं सांगितलं, मला आठवत नाही.  

"मी गेल्यावर तिच्याकडे बघाल?" काकींनी विचारलं.

एवढं आंटींना माझ्याशिवाय कळलं. "बघते," त्या म्हणाल्या.

खाली उतरल्यावर त्या लिफ्टसमोरच्या बाकावर बसल्या आणि रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तेव्हा प्रथमच रडताना पाहिलं. "तिला हवं होतं तसंच केलं मी," त्या म्हणाल्या. "वाईट म्हटलं. साठ वर्षं म्हटलं. फक्त विसरणं जमलं नाही." ड्रामा कशाला, असं त्या दिवशी त्या म्हणाल्या नाहीत. मी त्यांचा हात धरून बसले.

काकी त्या पावसाळ्यात देवरुखला वारल्या. आंटींनाही जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की लोक त्यांची शिस्त सांगतात, त्यांचा आवाज सांगतात. मला विमानतळावरची सकाळ आठवते.

काकी व्हीलचेअरवर होत्या, अंगावर शाल. प्रसादची आई पासपोर्ट चाचपत पुढे गेली होती. आंटी थोड्या अंतरावर उभ्या होत्या. जवळ जाऊ की नको, त्यांचं ठरत नव्हतं. काकींनीच त्यांना पाहिलं आणि बोटाने खूण केली. आंटी वाकल्या.

"पोर उठली?"

"उठली."

"मला शोधलंन?"

आंटींनी माझ्याकडे पाहिलं. मी शब्दाचा अर्थ सांगितला. त्यांनी काकींच्या अंगावरची शाल गळ्यापाशी नीट केली.

"नाही," आंटी म्हणाल्या. "शोधलं नाही."

काकींनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलीला चल म्हणून हात केला.