चिमटेवाली ताई

माणसावर लिहायचं तर लिहिणाऱ्याच्या हातात काहीतरी बळ हवं. माझ्या हातात ते नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. तेव्हा कुठे चुकलं तर आधीच माफी मागतो. पण ताईबद्दल कुणी तरी लिहायलाच हवं, आणि ज्यांनी लिहावं ते सगळे कबड्डी खेळण्यात गुंतलेले आहेत. टाकवे बुद्रुकपासून कान्ह्यापर्यंत जिच्या चिमट्यातून सुटला असा एकही खेळाडू सापडायचा नाही, अशी ही बाई होती.

ताई तळेगावची. शारीरिक शिक्षणाच्या वरच्या पदवीसाठी ती प्रबंध लिहीत होती. खो-खो आणि कबड्डी खेळणाऱ्यांच्या अंगात चरबी किती, स्नायू किती, आणि त्याचा त्यांच्या पळण्याशी संबंध काय, हा तिचा विषय. त्यासाठी ती स्कूटीवर वजनकाटा बांधून आमच्या गावात यायची. पर्समध्ये कातडीखालची चरबी मोजायचा एक चिमटा असायचा. दंडाच्या मागे, पोटावर, मांडीवर तो लावायचा आणि त्यावरचा काटा बघायचा. ‘तुम्ही’ म्हटलेलं तिला चालायचं नाही. दुसऱ्याच दिवशी तिने मला दटावून ‘तू’वर आणलं. वजनकाट्याला सपाट जागा लागते आणि आमच्या गावात तशी जागा एकच, मारुतीच्या देवळातली फरशी. तिथे चपला आपोआप बाहेर राहायच्या, यावर ताई फार खूश असायची. खेळाडूंच्या मागे म्हाताऱ्यांचीही रांग लागायची. “आमचंबी बघ की गं बाई,” म्हणत आमची आजी लुगडं सावरून काट्यावर उभी राहिली आणि आकडा ऐकून म्हणाली, “येवढी न्हाई मी. देवाम्होरं खोटं दावतोय ह्यो काटा.”

ताईला माणूस माणसासारखा दिसतच नसे. माझ्या चुलतभावाच्या हळदीला ती आली, तेव्हा सगळे नवरदेवाला हळद लावत होते आणि ही त्याचा दंड निरखत होती. “डावा दंड जरा बारीक आहे,” असं ती माझ्या कानात म्हणाली, आणि मला पुढे लग्नभर दुसरं काही दिसेना. स्वतः मात्र ती पळायची नाही. एकदा आमच्या संघाबरोबर लोहगडावर निघाली, निम्म्या पायऱ्यांवर बसली, आणि आम्ही उतरलो तेव्हा लोहगडवाडीच्या टपरीवर कांदाभजीची दुसरी प्लेट संपवत होती. आम्ही हसलो तर आपल्याच पोटाला चिमटा लावून म्हणाली, “हसू नका. हा सगळा संशोधनाचा खर्च आहे.”

माझी गोष्ट इथेच येते. मी खो-खो खेळतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी कॉलेजच्या संघाची निवड जवळ आली होती, आणि अंगावर जितकं कमी तितका वेग जास्त, असं मी मनाशी धरलं होतं. रात्रीचं जेवण मी सोडलं. आईला वाटायचं, पोरगा अभ्यासाने वाळला. ताईने दुसऱ्यांदा चिमटा लावला तेव्हा चिमट्यात जवळजवळ काही आलंच नाही. पळून दाखवलं तर आधीपेक्षा मागे. तिने चिमटा पर्समध्ये टाकला. मला स्कूटीवर बसवलं आणि थेट आमच्या चुलीपुढे नेलं.

“मावशी, ह्याला रात्री भाकरी, डाळ आणि अंडी द्यायची.”

आई चिडली. “आमी काय उपाशी ठेवतो व्हय त्याला?”

“तुम्ही नाही ठेवत. हा स्वतःच राहतो. ह्याने चरबी नाही घालवली, पायांतलं बळ घालवलंय.”

आईने माझ्याकडे असं बघितलं की त्या रात्री मी तीन भाकरी खाल्ल्या. पुढे रोज संध्याकाळी ताईचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिलाच प्रश्न, “काय खाल्लंस?” आज मी कॉलेजच्या संघात आहे तो त्या प्रश्नामुळे.

आणि याच काळात तिचा स्वतःचा प्रबंध बुडायला आला होता. कारण आमची कबड्डीची पोरं. मैदानावर चुन्याच्या फक्कीने दोन रेघा मारलेल्या, या रेघेपासून त्या रेघेपर्यंत सरळ पळायचं, एवढंच काम. पण कबड्डीवाला समोर रेघ बघितली की पायाने शिवतो आणि गर्रकन मागे फिरतो. कप्तान तर श्वास रोखून, ओठांत पुटपुटत गेला, रेघ शिवली आणि परत येऊन ताईच्याच अंगावर धडकला. ताई ओरडायची, “अरे, पुढे जा, पुढे!” तो म्हणायचा, “ताई, पाय ऐकत न्हाई. लय सवय झालीया.” शेवटी पोरं रेघेजवळ येताच आपसूक मंदावू लागली. तिच्या मार्गदर्शक सरांनी कबड्डीचे सगळे आकडे निरुपयोगी ठरवले. प्रबंध द्यायची मुदत जवळ आली होती. चुकली असती तर वर्ष गेलं असतं, आणि तिच्या घरचे शिक्षणासाठी आणखी एक वर्ष थांबायला तयार नव्हते.

त्या दिवशी ताई देवळाच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. ती म्हणाली, “पोरांचं काय चुकलं? त्यांची नसलेली धाव मीच त्यांना धावायला लावली.” सरांशी भांडून तिने चाचणीच बदलून घेतली: जायचं, शिवायचं, परत यायचं. पण सगळं पुन्हा मोजायचं, तेही ऐन भातकापणीत. कोण येणार? दुसऱ्या दिवशी बघतो तर अख्खा संघ देवळापुढे हजर, डोक्यात भाताची कुसळं, हातात विळे. कप्तान सदरा काढत म्हणाला, “काढा किती चिमटं काढायचं त्ये. पन आता परत फिरू द्या म्हंजी झालं.”

प्रबंध वेळेत गेला. मग तोंडी परीक्षा व्हायची होती, आणि फोन थांबले. विचारावं तरी कसं? नापास झाली असेल तर? मी नंबर काढायचो आणि फोन ठेवून द्यायचो. कप्तान रोज विचारायचा, “ताईचं काय कळलं का रं?” आई न विचारता ताटात अंडं वाढत राहिली.

परवा कॉलेजातून येताना कान्हे स्टेशनवर उतरलो आणि फोन वाजला.

“काय खाल्लंस?”

“भाकरी, मटकी, दोन अंडी,” मी एका दमात सांगितलं. 

“बरं. ऐक, मी नंदुरबारला चालले. आश्रमशाळेत खेळाची शिक्षिका. तिथल्या पोरी म्हणे वाऱ्यासारख्या पळतात. पण पोटभर जेवतात का, ते आधी बघते.”

“म्हणजे ताई, तू...”

“पास झाले रे! परीक्षकांनी विचारलं, तुमचे खेळाडू परत का फिरतात? मी म्हटलं, सर, दम संपायच्या आत त्यांना आपल्या माणसांत यायचं असतं.”