भिंगापुढचा हात

सत्तरचे दशक सरत आले होते. मी आखातात, हिद्द गावी एका गोदामात कारकून होतो. कायद्याची पदवी नसतानाही आमच्या चाळीतले सगळे मला ‘वकीलसाहेब’ म्हणत, कारण अन्याय दिसला की मी पत्र लिहीत असे.

एका शुक्रवारी शेजारच्या मुहर्रक शहरातल्या थिएटरात दुपारच्या खेळाला इजिप्शियन चित्रपट होता. नायक नायिकेजवळ सरकला आणि पडदा काळा झाला. उजेड आला तेव्हा ती रडत होती. असे चार वेळा घडले. चौथ्या अंधारानंतर तिच्या कडेवर मूल होते!

तिकीट हा करार आहे आणि प्रौढ प्रेक्षकाला अपुरा चित्रपट दाखवणे हा करारभंग आहे, असे मी सेन्सॉरच्या कार्यालयाला तीन पाने भरून कळवले. प्रत थिएटरच्या मॅनेजरला.

उत्तर आले: कापायचे ते आम्ही कापले, आपण म्हणता ती चारही दृश्ये मंजूर आहेत.

त्याच संध्याकाळी शेजारच्या खोलीतला, मालवणकडचा, त्या थिएटरचा ऑपरेटर दारात उभा राहिला.

“वकीलसाहेब, वाट लावलात माझी! मॅनेजर म्हणता, व्हिसा खलास.”

“म्हणजे कात्री तुझी?”

“कात्री खंयची? भिंगापुढे हात धरलंय. बायकापोरा समोर बसतत!”

“हा अधिकार तुला दिला कोणी?”

“आवशीन.”

आईचे नाव ऐकूनही माझा संताप तसाच होता. पण एका हातासाठी नोकरी जावी, हेही मला अन्याय्यच वाटले. मी मॅनेजरला दुसरे पत्र लिहिले: हेतू लोभाचा नाही, चित्रफीत अक्षत आहे, शिक्षा अपराधाच्या प्रमाणात असावी. मॅनेजर मूळचा वसईचा; त्याने एक अट घातली. पुढच्या शुक्रवारी तक्रारदाराने स्वतः ऑपरेटरजवळ बसून त्याच्या हातांवर लक्ष ठेवावे.

मी वर प्रोजेक्टरच्या खोलीत बसलो. दृश्य आले. ऑपरेटरने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि डोळे घट्ट मिटले.

“झाला काय?”

“अजून नाही.”

“आता?”

मी चित्रपट पाहत होतो. त्याचे डोळे मिटलेलेच असताना रीळ संपले, पडदा पांढरा झाला, खालून शिट्ट्या सुरू झाल्या. तो धडपडत, पुढचे रीळ लावलेल्या दुसऱ्या यंत्राकडे धावला. मॅनेजर धापा टाकत जिना चढून आला.

“दोष माझा आहे,” मी उठून म्हणालो. “तसे लेखी देतो.”

त्याने हात जोडले. “साहेब, त्याची नोकरी पक्की. पण कृपा करा, लिहू नका!”