नख न रुतणारे टायर

आमच्या घरात टायर कोणते घ्यायचे हे नवरा ठरवतो. पडदे, सुट्टीची तिकिटं, मुलीचं कॉलेज यांत माझं थोडंफार चालतं, टायरमध्ये अजिबात नाही. तो सोहारला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. आठवडाभर तिकडे राहतो आणि गुरुवारी संध्याकाळी मस्कतला, अल खुवैरच्या आमच्या फ्लॅटवर येतो. मुलगी लहान असताना एकदा ऐन जूनमध्ये याच हायवेवर गाडीचा मागचा टायर फुटला होता. गाडी भेलकांडत वाळूत जाऊन थांबली. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती, ती जागीसुद्धा झाली नाही. तेव्हापासून टायर हे खातं नवऱ्याने स्वतःकडे घेतलं.

दुकानात गेला की तो आधी टायरच्या कडेवर छापलेलं वर्ष वाचतो, कारण इथल्या उकाड्यात टायर नुसता गोदामात पडूनही म्हातारा होतो. मग अंगठ्याचं नख रबरात दाबतो. नख रुतलं की टायर बाद. मऊ रबर इथल्या तापलेल्या डांबरावर टिकत नाही, हे त्याचं ठाम मत. हे शास्त्र त्याने कुठे वाचलं ते मी विचारलेलं नाही, विचारलं असतं तर तासभर ऐकावं लागलं असतं. मुलगीही शाळेत असल्यापासून त्याच्याबरोबर जाऊन टायरांना नखं लावायची आणि दुकानातली माणसं हसायची.

गेल्या वर्षी तिला कॅनडातल्या एका छोट्या गावात, एका लॅबमध्ये नोकरी लागली. लॅब गावाबाहेर, बस नाही, म्हणून तिने सेकंडहँड गाडी घेतली. हिवाळा जवळ आला तसा नवरा बर्फात घसरणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघायला लागला. ताटाशेजारी फोन. "ही रोज यातून जाणार," म्हणायचा आणि भात अर्धा टाकून उठायचा. मी चिडून फोन उलटा करून ठेवायचे. भीती मलाही वाटत होती, पण दोघांनी उपाशी राहून काय होणार होतं?

एका शुक्रवारी तिने तिथल्या टायरच्या दुकानातून व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, इथे सगळे विंटर टायर घेतात. हे बघ, यावर स्नोफ्लेक आहे."

"चित्रावर जाऊ नकोस. नख दाब."

तिने दाबलं. "रुततंय. एकदम सॉफ्ट आहे."

"मग सोड. दुसरा दाखवायला सांग."

मागे उभा असलेला दुकानदार काहीतरी समजावत होता, की हा मऊच असायला हवा. "त्याला महागातला खपवायचाय," नवरा मराठीत म्हणाला. शेवटी तिने बाराही महिने चालणारे, ऑल सीझन म्हणतात तसले टायर घेतले. नख रुतलं नाही. बारा महिन्यांत हिवाळाही आलाच, असा हिशोब आम्हा तिघांनाही पटला. त्या दिवसापासून नवरा नीट जेवायला लागला.

बर्फ सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत, मी अल मवालेहच्या भाजीबाजारात मेथी निवडत असताना तिचा फोन आला.

"आई, पॅनिक नको होऊ. मी ठीक आहे."

अशी सुरुवात झाल्यावर माणूस दुसरं काय करणार? बर्फावर पाऊस पडून रस्ता काचेसारखा झाला होता. वळणावर तिने स्टिअरिंग फिरवलं, पण गाडी वळलीच नाही, सरळ कडेच्या खड्ड्यात गेली. खड्ड्यात बर्फ भरलेला होता म्हणून वाचली. एका पिकअपवाल्याने गाडी ओढून काढली. टायर बघून तो तिला म्हणाला की थंडीत हे रबर लाकडासारखं होतं. विंटर टायर मऊ असतो म्हणूनच रस्ता धरतो.

"बाबाला सांगू नकोस," ती म्हणाली. "मी सांगेन."

भाजीवाला "यल्ला मॅडम" म्हणत घाई करत होता. मी मेथी तिथेच ठेवून गाडीत जाऊन बसले.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी इथेही पाऊस झाला. सोहारहून येताना वाटेत वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या ओढ्याला, पाणी आलं. कितीतरी गाड्या त्यातून गेल्या, नवरा मात्र पाणी उतरेपर्यंत अलीकडे थांबून राहिला. घरी आल्यावर आपल्या शहाणपणाचा त्याला केवढा तोरा! मी ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे सकाळ होती, अंगात जाड कोट होता.

"बाबा, मी ते टायर बदलले. विंटरचे घेतले." आणि तिने सगळं सांगितलं.

तो प्रश्न विचारत गेला. स्पीड किती होता? आधी पुढची चाकं सरकली की मागची? ब्रेक दाबलास का? कारखान्यातल्या बिघाडाची चौकशी चालली होती जणू. माझं डोकं फिरलं. "अरे, लागलं का ते तरी विचार!"

"दिसतंय ना, नाही लागलं," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "कधी झालं हे?"

"लास्ट वीक."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काही लपत नाही.

"आईला सांगितलंस, मला नाही. मी ओरडलो असतो का?"

"नाही रे. तू रडला असतास. मग मला परत गाडी चालवता आली नसती."

"मी कशाला रडतोय," म्हणत त्याने फोन माझ्या हातात दिला आणि बाथरूममध्ये गेला. नळ सुरू झाला.

"रडतोय का?" तिने विचारलं.

"हो."

तिने मान हलवली, हातमोजे चढवले, गाडीची किल्ली उचलली. खिडकीबाहेर पांढरं पांढरं पडत होतं. ती दाराशी गेली आणि तिथेच उभी राहिली.

"आई, पाच मिनिटं बोल ना काहीतरी. काहीही बोल. मग निघते."

मी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचं काहीतरी सांगायला लागले.