इथे कोणाला मराठी कळतंय

चेन्नईच्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात मी समुपदेशनाचं काम करते. शुक्राणुदात्याची मदत घ्यायची असेल, तर जोडप्याला आधी माझ्याशी बोलावं लागतं. त्यानंतरच दोघांच्या सह्या.

त्या दिवशी माझ्या उघड्या दाराबाहेरच्या बाकावर सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरी करणारं एक जोडपं बसलं होतं. फाइल माझ्यासमोर होती. तिचे रिपोर्ट चांगले. त्याच्या तिन्ही तपासण्यांत शुक्राणू नव्हते.

"हो म्हण, सही कर, निघू," तो म्हणाला. "दोनला मीटिंग आहे."

"आणि आईंना काय सांगायचं?"

"ठरलंय ना? तुझे उपचार चालू आहेत."

"तीन वर्षं माझेच चालू आहेत. परवा विचारत होत्या, तुझ्या माहेरी कुणाला असं होतं का."

"हळू बोल."

"इथे कोणाला मराठी कळतंय!"

मला कळत होतं. आमचं घराणं तंजावरचं. घरात अजून मराठीच बोलतात. पहिलं वाक्य कानावर पडताच उठून सांगायला हवं होतं. मी ऐकत बसले.

दोघं आत आली. तो इंग्रजीत म्हणाला, "आमचं सगळं ठरलंय, मॅडम. काही अडचण नाही."

"मी मराठी आहे," मी म्हटलं. "माझी भाषा तुम्हाला पणजोबांच्या काळची वाटेल, पण तुमचं बोलणं समजलं."

त्याचा चेहरा उतरला. "हे आधी सांगायचं नाही का?"

"सांगायला हवं होतं. चुकलं माझं. हवं तर दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवते."

तो उठलाच. ती बसून राहिली.

"मला इथेच बोलायचंय," ती म्हणाली. "मी सही करणार नाही."

"आता? इतकं ठरल्यावर?"

"दात्याला माझी ना नाही. पण दोष माझा असं सांगून मूल होणार असेल, तर नको."

तो माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "दात्याचं घरी सांगायचं की नाही, हे दोघांनी मिळून ठरवा. तिच्या नावावर खोटं खपवायचं की नाही, हे मात्र तिला विचारा."

"आईला सहन होणार नाही."

तिने सहीचा कागद उलटा करून ठेवला. मी मध्ये पडले नाही. अशा वेळी बोललं की माणसं त्या बोलण्यामागे लपतात.

शेवटी त्याने उभ्यानेच आईला फोन लावला. पलीकडचा आवाज मोठा होता. वैद्यांची पुडी कुरियरने पाठवली आहे, तिला उपाशीपोटी द्यायची, असं काहीसं.

"तिला नको ती, आई," तो म्हणाला. "रिपोर्ट माझे खराब आहेत. तिचे पहिल्यापासून चांगलेच होते."

पलीकडून दबक्या आवाजात, "कोण म्हणतं असं?"

"तीनदा तपासलंय."

पलीकडून फोन ठेवला गेला. तो खुर्चीत बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण पाण्याचा ग्लास त्याच्यासमोर सरकवला.

त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. मी त्यांना पुढच्या गुरुवारची वेळ दिली.