रिकामे डबे घेऊन या!

आमच्या आईच्या दुकानावर मोर्चा आला, त्याचं पत्रक मीच लिहिलं होतं.

हेतू शुद्ध होता. (मोर्चा काढणाऱ्यांचा असतोच.) लोहाऱ्यात स्टँडजवळ आईचं गुलाबजामचं दुकान. मागं खव्याची भट्टी, पुढं पाकात पोहणारे गुलाबजाम. समोर काचेचं नवंकोरं दुकान उघडलं आणि आमचं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून तिकडं गेलं. आईनं फोन माझ्या हातात ठेवला.

"तू लिहिणारी हायेस ना? मग फोनवर लिही कायतरी. पोळ्यापर्यंत माणसं आली न्हाईत, तर भट्टी इझवते आन् कुलूप लावते!"

लिहिणारी मी होतेच. माझे वडील, म्हणजे नाना, चळवळीतले. आमच्या घरात लेकरं अंकलिपीवर नाही, पत्रकांवर शिकतात. मी पाटीवर गिरवलेले पहिले शब्द होते 'जाहीर निषेध'!

म्हणून पहिली पोस्ट टाकली : 'भेसळखोरांनो, याद राखा!' दुसरी साखरसम्राटांच्या विरोधात. (आपला पाकही त्याच साखरेचा आहे, हे आईनं नंतर लक्षात आणून दिलं.) दोन्हींना दोन-दोन लाइक्स. एक नानांचा, एक माझा.

शेजारी गाद्या भरणारे चाँदचाचा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बेटा, हे वाचून गुलाबजाम खावं वाटंना. कुठंतरी लपून बसावं वाटायलंय!"

आणि मग माझं सुचणंच बंद पडलं. नऊ दिवस! 'जगात भारी' लिहिणं तत्त्वात बसेना (मी कुठं जग खाऊन बघितलंय?), आणि गाण्यावर नाचणं तर त्याहून बसेना. मी गुलाबजामकडं बघायची, गुलाबजाम माझ्याकडं.

शेवटी नाना चिडले. "सुचंना म्हणून चळवळ थांबती व्हय? जुनं पत्रक काढायचं, मागणी बदलायची, छापायचं! दुष्काळात अख्खं साल आमी एकाच पत्रकावर काढलं!"

मी नानांची जुन्या पत्रकांची पेटी उघडली. पाणीप्रश्नावरचं एक पत्रक वर आलं. 'पाणी' खोडून 'गुलाबजाम' लिहिलं, 'हंडे'च्या जागी 'डबे', 'तहसील कचेरी'च्या जागी आमचं दुकान. बाकी मजकूर इतका जोरकस होता की हात लावायची हिंमत झाली नाही :

'माताभगिनींनो! किती दिवस सहन करणार? सोमवारी सकाळी अकरा वाजता रिकामे डबे घेऊन या! हक्काचे गुलाबजाम मिळाल्याशिवाय उठायचं नाही!'

गावोगावच्या ग्रुपवर धाडलं आणि पोटभर जेवले.

सोमवारी अकराच्या ठोक्याला पहिली जीप थांबली. मग दुसरी. मग तिसरी! "आई, गिऱ्हाईक!" मी ओरडले. गिऱ्हाईक उतरलं आणि भर रस्त्यात मांडी घालून बसलं. पुढं गोदाक्का, नानांच्या जुन्या मोर्च्यातली वाघीण, डब्यावर चमचा बडवत :

"गुलाबजाम आमच्या हक्काचा!"

"न्हाई कुणाच्या बापाचा!"

आई उलथनं घेऊनच बाहेर धावली. "काय झालं गं गोदाक्का? कोण गेलं?"

"कोण न्हाई गेलं. डबा भर."

"कशाचा?"

"हक्काचा! पत्रक आलंय फोनवर. तुझ्याच लेकीनं काढलंय!"

तेवढ्यात घोषणा ऐकून नाना अर्धी दाढी करून, अर्ध्या गालावर साबण घेऊन धावत आले आणि सवयीनं पहिल्या रांगेत बसले.

"अवो, दुकान आपलंय!" आई किंचाळली.

"व्हय. पण मागणी रास्त हाय!"

आईनं उलथनं काखेत मारलं. मग तिनं माझा कान धरला आणि मला मोर्च्यासमोर उभं केलं. "बायांनो, बघून घ्या हे रत्न! शाळेत गायीवर निबंध सांगितला, तर हिनं गायीच्या मागण्या लिहिल्या! हिच्या नादाला लागलाव? हक्क पायजे ना? मग उठा, हात धुवा, गोळे वळा! हक्क काय आपोआप पाकात पडतो व्हय?"

बाया खरंच उठल्या. तासाभरात परातीवर पराती भरल्या. मला खवा हलवायला दिला, तो मी खाली लागू दिला. त्यावरून गोदाक्कानं मला आणखी धुतलं. निघताना प्रत्येकीनं डबा भरून घेतला आणि रीतसर पैसे दिले.

मी चाचरत म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही फुकट..."

"फुकट?" गोदाक्का तडकली. "मोर्च्यात फुकट काय मागत नसत्यात. नानाच्या लेकीला एवढंबी ठावं न्हाई?"

हे सगळं चाँदचाचांनी फोनमध्ये घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत माझा कान मुरूमपासून सोनारीपर्यंत जिल्हाभर पोचला. दुसऱ्या दिवशी दुकानात रांग! "ती कान धरलेली पोरगी कुठंय?"

पोळा होऊन गेला. भट्टी पेटलेलीच आहे. आता मला काही सुचावंच लागत नाही. रोज दहा वाजता आई कॅमेऱ्यासमोर मला झापते, बस्स.

हा अन्याय किती सहन करणार? परवा मी 'कौटुंबिक दडपशाहीचा जाहीर निषेध' असं दोन पानी पत्रक लिहिलं. कितीतरी दिवसांनी शब्द कसे झरझर येत होते! आईनं ते चिमटीत धरून कॅमेऱ्याला दाखवलं. "बघा! तिकडं खवा करपत हुता, आन् ही इथं हे लिहीत बसली हुती!"

त्या व्हिडिओला आजवरचे सगळ्यात जास्त लाइक्स मिळाले. पहिला नानांचा.

दुसरा माझा. काय करणार, आईचा मुद्दा रास्त होता!