चिकू न कापणारी कातर

आमच्या वरोरला पूर्वी चार घरांमागे एका घरातून टकटक ऐकू यायची. नवा पाहुणा विचारायचा, "इथं सुतार फार दिसतात?" सुतार नव्हेत, डायवाले. लोखंडाच्या ठोकळ्यात दागिन्याची नक्षी उलटी कोरायची. त्यावर सोन्याचा पत्रा ठेवून ठोकला की नक्षी सुलटी उमटते. माझा धाकटा दीर महादेव याच कामात म्हातारा झाला. मी लग्न होऊन आले तेव्हा तो हाफपँटीत होता, म्हणून मी त्याला अजून अरे-तुरे करते. तो एकोणसत्तरीतही मला बघून विडी लपवतो.

चाळीस वर्षं उलटं कोरलं की माणसाचं काय होतं ते महादेवकडे बघून कळतं. आजारी माणसाच्या गाडीच्या कपाळावर उलटी अक्षरं असतात ना, ती हा घडाघडा वाचतो. मग बाजूची सुलटी वाचायला चष्मा शोधतो. मुलाच्या, विनोदच्या, लग्नात त्याला दाराशेजारी गेरूनं 'सुस्वागतम्' लिहायला सांगितलं. सुरेख लिहिलं. वाचायला मात्र पाहुण्यांना आरसा द्यावा लागला असता. त्याची बायको चंपा तेव्हापासून सांगत सुटली, "यांना डावीकडं जा सांगायचं असलं तर मी उजवीकडं म्हणते."

चंपा म्हणजे माझी जाऊ. महादेव दिवसाला दहा शब्द बोलत असेल, तर उरलेले सगळे चंपा बोलते. पण तिच्या हाताला तिच्या तोंडापेक्षा जास्त येत होतं. गणपतीचं मखर ती पतंगाच्या कागदाचं करायची. कागदाच्या घड्या घालायच्या, आठ पदरी, सोळा पदरी, नि कडेनं कात्री फिरवायची. नक्षी आधी काढून घेणं नाही, मोजणं नाही. कापताना तोंडानं शेजारणीची निंदा चालू. घडी उघडली की आत जाळी, मोर, पानं, कमळं. मग बाजारात थर्माकोलचे राजवाडे आले नि घरोघरचं कागदी मखर गेलं. आमच्या घरचं तेवढं राहिलं, कारण चंपेपुढं बोलायची कुणाची टाप नव्हती.

सोळा साली तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली. पाय सहा महिन्यांत परत आला, हात अर्धाच आला. बोटं वळतात, पण त्यांना वाटेल तेव्हा. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली, ती कायमची. पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी बाईनं दुपारी सगळे निजल्यावर कात्री घेतली. कात्री निसटली, बोटाला लागली. एवढीशी जखम, पण त्या गोळीमुळं रक्त थांबेना. विनोद बोईसरच्या कंपनीतून धावत आला. त्यानं घरातल्या सगळ्या कात्र्या नि ब्लेड कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या खिशात. तेव्हापासून सूनबाई विनिता दुधाची पिशवी दातानं फोडत होती.

त्या वर्षी विनोदनं थर्माकोलचं मखर आणलं. चंपा आरतीला उभी राहिली, पण मखराकडं एकदाही नजर नाही. मी विचारलं तर म्हणाली, "देवाकडं बघायला उभी राहिले होते ना मी?"

अठरा साली थर्माकोलवर बंदी आली. चंपेनं ते ऐकलं नि अंगणात येऊन मला हाक मारली, "बाय, ऐकलंस का? सरकारला माझी आठवण झाली!"

पण विनोद जागचा हलला नाही. "आई, यंदा साडीचं मखर करू. चांगल्या चार साड्या लावू, दिवे सोडू. कात्रीचं नाव काढू नकोस."

"माझं बोट, माझं रक्त. तुझं काय जातं?"

"गेल्या वर्षी चादर भरली होती रक्तानं. ती मी धुतलीय."

यावर चंपा गप्प बसली. एक दिवस गप्प, दोन दिवस गप्प. आमच्या घरात चंपा गप्प बसली म्हणजे कावळेसुद्धा येऊन बघून जातात. तिसऱ्या दिवशी महादेव माझ्याकडं आला नि पायरीवर बसला. विडी लपवायचंही विसरला.

"वहिनी, घरात फार शांत वाटतंय."

"मग बरं आहे ना तुला? चाळीस वर्षं म्हणतोस, जरा शांत बसू दे."

"नाही," म्हणाला. "तिचं मखर झालं नाही तर ती बोलायची नाही. मला ओळखता येतं." मग म्हणाला, "कागद कापेल पण बोट कापणार नाही असं काही करता येईल का?"

मला काय कळतंय यातलं? पण त्याच्या तोंडून एका दमात एवढे शब्द निघाले, तेव्हा हो म्हणणं भाग होतं.

संगणकावर डाय कोरणारी मशीन आल्यापासून महादेवची कामाची पडवी बंद होती. ती त्यानं उघडली. कानशी, छिन्न्या गंजल्या होत्या, त्या घासल्या. दुकानातून आणलेलं दाढीचं ब्लेड अर्धं मोडून दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये बसवलं नि पुढं एक फट ठेवली. फटीत कागद सरकवायचा, आतल्या आत तो कापला जावा, बोट आत जाऊ नये. ऐकायला सोपं. करून झाल्यावर तो आपलंच बोट फटीवर घासायला निघाला.

मी ओरडले, "अरे, एकाच घरात दोन रक्ताळलेली माणसं नकोत! चिकू घे."

झाडावरून उतरवून पिकवलेला चिकू बघा, साल किती नाजूक असते. नखानं ओरखडा उठतो. म्हाताऱ्या बाईच्या बोटाची कातडी तशीच. फट चिकूवर दाबून फिरवायची. चिकू कापला गेला तर हत्यार नापास. आमच्या वाडीत चिकूला काय तोटा?

पहिल्या चिकूच्या दोन सुबक फोडी पडल्या. "फळं चिरायला फार छान झालंय," मी म्हटलं नि एक फोड खाल्ली. फट बारीक केली. चिकू वाचला, पण आठ पदरी कागदही आत जाईना, चुरगळून बाहेर यायचा. फट वाढवली, चिकू गेला. असं आठ दिवस चाललं. त्या आठ दिवसांत मी किती चिकू खाल्ले ते सांगत नाही. माझ्या साखरेचे डॉक्टर निराळे आहेत.

नवव्या दिवशी महादेवला सुचलं. करवतीचं जुनं पातं घासून त्यानं खालचा ओठ केला, चोचीसारखा पातळ नि पुढं गोल. ब्लेड खूप मागं नेलं, तेही तिरकं बसवलं. आता कागदाच्या खालून चोच सरकते, कागद फटीत शिरतो नि आत गेल्यावर कापला जातो. चोच अरुंद, म्हणून वळणंही घेता येतात. चिकूवर दहादा फिरवली. एक ओरखडा नाही.

संध्याकाळी ही नवी कातर विनोदपुढं ठेवली. त्यानं ती उलटीपालटी करून बघितली. चिकूवर फिरवली, मग डोळे मिटून स्वतःच्या करंगळीवर दाबली. आधी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"बाबा, लागत नाही हो!"

"चिकू पास झालाय," महादेव म्हणाला. त्याचा विनोदपेक्षा चिकूवर जास्त भरवसा.

विनोदनं परवानगी दिली. विनिता उधव्याच्या शाळेत शिकवते. येताना तळासरीच्या बाजारातून ती लाल, पिवळा, हिरवा, राणी रंगाचा कागद घेऊन आली. आता चंपेनं कातर हातात घ्यायचा अवकाश. तिनं घेतली नि ती पडली. पुन्हा घेतली, पुन्हा पडली. उजव्या हाताच्या बोटांना सपाट पट्टी धरवेना. डॉक्टरांचं सारखं सांगणं, उजव्याच हाताला कामाला लावा. म्हणून तिनं पाचदा घेतली. सहाव्यांदा ती पाटावर ठेवून उठून गेली. गणपती सहा दिवसांवर आले होते.

महादेव म्हणाला, "मूठ तिच्या हाताची करतो." सकाळी मी भाकरीसाठी तांदळाची उकड काढली होती. त्यातला गोळा घेऊन त्यानं चंपेच्या उजव्या मुठीत दिला. "धर. जशी धरता येईल तशी धर. जोर नको."

"गणपती यायच्या आधीच माझे मोदक वळून घेताय का?" चंपा म्हणाली. बारा-तेरा दिवसांनी तिचा पहिला टोमणा. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

गोळ्यावर तिच्या बोटांच्या खाचा उमटल्या. करंगळीची खोल, मधल्या बोटाची अर्धवट, अंगठ्याची वाकडी. तो गोळा पुढ्यात ठेवून महादेव चिकूच्या लाकडाची मूठ कोरायला बसला. तीन दिवस पडवीतून टकटक येत होती. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून विचारायची, "महादेवदादा, ऑर्डर आली वाटतं?" हा मान हलवायचा.

तिसऱ्या दिवशी मूठ घासूनपुसून, तेल लावून, कातरीला बसवून आणली. खाच अन् खाच हुबेहूब. चंपेनं उजवा हात पुढं केला, मूठ धरायला गेली. अंगठा करंगळीच्या खाचेत, करंगळी हवेत. तिनं फिरवून बघितली, पालथी करून बघितली. मग माझ्याकडं बघितलं, नि आम्हा दोघींना एकदमच कळलं.

"अहो," चंपा म्हणाली, "ही उलटी कोरलीत तुम्ही."

महादेवनं गोळा बघितला, मूठ बघितली. चाळीस वर्षांची सवय. समोर जे दिसेल ते हात उलटंच कोरतो, विचारत नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं. "दुसरी करतो," म्हणाला, "रात्रंदिवस बसतो," नि मूठ घ्यायला हात पुढं केला.

पण चंपा हसत होती. गेल्या दोन वर्षांत तशी हसली नव्हती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, नि हसता हसता ते हत्यार तिनं उगाच डाव्या हातात घेतलं. बसलं. बरा हात तो, कुठल्याही खाचेत बसेल. ही उलटी मूठ तर त्याच्याच बाजूची होती. लाल कागदाची घडी पाटावर पडली होती. तिनं उजवा हात त्यावर वजनासारखा नुसता ठेवला नि डाव्यानं चोच कडेनं सरकवली. सर्रकन आवाज आला.

डाव्या हाताचा विचार याआधी कुणीच केला नव्हता. कात्री डाव्या हातात कागद चावते, कापत नाही, म्हणून त्या हाताला आम्ही हिशेबातच धरलं नव्हतं.

तेवढ्यात चंपेनंच हत्यार खाली ठेवलं. "पण बाय, देवाचं काम डाव्या हातानं? माझी आई डाव्या हातानं कुंकूसुद्धा लावू द्यायची नाही."

मी तिसरीपर्यंत शिकलेली. शास्त्र मला ठाऊक नाही. पण मूर्ती करायला सांगून यायला मीच गेले होते, ती डोळ्यांपुढं आली. "चंपे, आपल्या गणपतीची सोंड कुठल्या बाजूला असते?"

"डावीकडं."

"मग? ज्याची सोंड डावीकडं, तो तुझ्या डाव्या हाताला नावं ठेवील? उजव्या सोंडेचा आणला असता तर त्यानं विचारलं असतं."

चंपेनं माझ्या पाया पडल्यासारखं केलं नि बसली ती बसलीच. पहिली झालर वाकडीतिकडी झाली. विनोद म्हणाला, "आई, ही उंदरानं कुरतडल्यासारखी दिसतेय."

"उंदीर पण त्याचाच आहे. लाव वरती."

दुसरी बरी झाली. तिसऱ्या दिवशी मोर आला. मान जरा जाड, पण मोर तो मोरच. आणि शेजारणींची निंदाही सुरू झाली, दोन वर्षांची साठलेली. महादेव पाटासमोर बसून घड्या घालून द्यायचा नि ब्लेड बदलून द्यायचा. विनिता ते बघून म्हणाली, "बाबा, अशा दहा-बारा कातरी करून द्या. आमच्या पहिलीच्या मुलांना हव्यात." महादेव म्हणाला, "आधी चिकू आण."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मधली मोठी जाळी उघडली. चंपेनं अर्धीच नक्षी कापली होती. उघडल्यावर उरलेली अर्धी समोरासमोर आली, आरशातल्यासारखी. महादेव बराच वेळ बघत राहिला. मग बोट लावून म्हणाला, "अर्धी सुलटी आहे, अर्धी उलटी."

"हो," चंपा म्हणाली, "नि उलटी ती तुमची."

गणपती बसले. सगळं वरोर मखर बघायला येऊन गेलं. जो येई त्याला विनोद ते हत्यार दाखवी, चिकूवर फिरवी नि चिकू त्याच्या हातात देई, आपणच शोध लावल्यासारखा. कपाटाची किल्ली त्यानं विनिताला देऊन टाकली. आता दुधाची पिशवी कात्रीनं फोडतात.

आरतीला आम्ही सगळे उभे राहिलो. चंपेनं या वेळी देवाकडं एकदाही बघितलं नाही. आरती संपेपर्यंत ती मखराकडंच बघत होती. महादेव तिच्याकडं बघत होता. देवाकडं बघायला मी होतेच.