जिलेटिनची पूड आणि नणदेची उकळी

मुलीच्या साखरपुड्याची बोलणी चालली होती, तेव्हा तिच्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "हॉटेलचं शिकली म्हणजे रांधायचंच शिकली ना? मंग लग्नानंतर नोकरी कायले?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मुलगी पाहुणे गेल्यावर एवढंच म्हणाली, "आई, साखरपुड्याचं गोड मीच करीन."

तिच्या मनात होतं दूध, साय आणि आंब्याचं, वाटीतून उलटं काढलं तरी उभं राहणारं गोड. त्याला जिलेटिनची पानं लागतात. आमच्या सानगडी गावात ती कुठली? साकोलीत विचारलं, भंडाऱ्यात विचारलं, मिळाली ती पूड. दोन्हीकडचे मासोळी खाणारे, त्यामुळे जिलेटिन हाडा-कातड्याचं असतं ही पंचाईत नव्हती. "पूड चालते," मुलगी म्हणाली. "पान भिजवून पिळून घेतात. पूड पिळता येत नाही, म्हणून तिच्यात मुरलेल्या पाण्याएवढं दूध कमी घ्यायचं."

आदल्या दिवशी तिनं थंड पाण्यावर पूड भुरभुरली, फुगू दिली, कोमट दुधात विरघळवली आणि आंबे आणायला गेली. तेवढ्यात माझी मोठी नणंद स्वयंपाकघरात शिरली. आमच्या घरी उकळी न फुटलेलं दूध पाहुण्यापुढे ठेवत नाहीत. तिनं भांडं गॅसवर चढवलं आणि बराच वेळ खळाखळा उकळवलं. मुलीला पत्ताच नाही; तिनं येऊन त्यात आंबा मिसळला, वाट्या भरून फ्रिजमध्ये ठेवल्या. संध्याकाळी फ्रिज उघडला तर वाट्यांमध्ये पातळ बासुंदी!

"मासोळीचा रस्सा मी इतका उकळवतो, तरी हिवाळ्यात थिजते ना?" नणंद रडवेली झाली.

"त्याच्यात डोकी-काटे किती असतात, आत्या! हे चमचाभर पूड आहे. लय उकळली का जोर जाते."

घरातले म्हणाले, रसगुल्ले मागवा. मुलगी ऐकेल तर ना! उरलेली पूड काढून तिनं पुन्हा मांडामांड केली. या खेपेला नणंद गॅसपाशी राखणीला बसली. मलासुद्धा हात लावू देईना.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक बशीत ते गोड उभं होतं, जरासं थरथरत, पण ताठ. मुलीच्या सासूबाईंनी एक संपवलं, दुसरं मागितलं. मग विचारलं, "कोण्या हॉटेलातून आणलं?"

"आमच्या पोरीनं केलं!" मी इतक्या मोठ्यानं बोलले की मांडवातले लोक वळून पाहू लागले. बोलले तर बोलले. अभिमान काय कुजबुजत सांगायचा?

सासूबाईंनी मुलीला जवळ बसवलं. "नोकरीवर जाशीन, त्याच्या आंधी मले हे शिकवून जाजो."

"फक्त उकळू नोका," माझ्या आधी नणंदच बोलली.